बर्फावरचं रक्त

जानेवारी आला की प्रताप नगरच्या नाक्यावर पतंगाच्या मांजाच्या चरख्या टांगल्या जातात. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या दोऱ्यांनी भरलेल्या त्या लाकडी चरख्या दुरून मिठाईसारख्या दिसतात. जवळ गेलं, ऊन नीट पडलेलं असलं, की दोऱ्यातली काच चमकते. बाजूच्या गल्लीत दोन खांबांमध्ये दोरा ताणून, बोटांना चिंध्या बांधलेली माणसं त्याला काचेची खळ चोळत मागे-पुढे चालत असतात. त्या चिंध्याही संध्याकाळपर्यंत फाटतात. मी स्कूटर काढायच्या आधी गळ्याला मफलर दोनदा गुंडाळते. ह्या दिवसांत जयपूरमध्ये मफलर थंडीसाठी नसतो.

हे मला शिकवलं देशकरकाकांनी. मी रिसोडची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवी, त्यावर कॉम्प्युटरचा कोर्स, आणि त्याच्या जोरावर जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका कंपनीत परदेशी ग्राहकांच्या पत्रांना ठरावीक साच्यातली उत्तरं लिहायची नोकरी. बाबांनी मला अकोल्याहून गाडीत बसवून दिलं तेव्हा त्यांना जयपूर कोणत्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं. काका विमा कंपनीत अधिकारी होते, मूळ वर्ध्याकडचे, बदलीनं इथे आलेले आणि मग मुलीच्या शाळेसाठी इथेच राहिलेले. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांनी मला गच्चीवरची खोली दिली. पहिल्याच जानेवारीत त्यांनी मला स्कूटरवरून बसथांब्यावर सोडताना स्वतःचा मफलर काढून दिला आणि म्हणाले, "गळा झाक वं पोरी. इथं आकाशातून सुरी येते."

मला ती गंमत वाटली. त्याच आठवड्यात सांगानेरच्या रस्त्यावर एक माणूस मोटरसायकलसकट आडवा झालेला पाहिला. त्याचा शर्ट समोरून पूर्ण लाल होता आणि तो स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरून पडला होता, जणू कुणी तो चोरून नेईल. नंतर मी कधी हसले नाही. ह्या शहराचा संक्रांतीचा सण असा आहे. सकाळी तिळाची पापडी आणि शेवयांसारखी गोड फिणी, गायीला चारा, दान. आणि दिवसभर आकाशात एकमेकांचे गळे कापायचे. पतंग कापला की साऱ्या गच्च्या ओरडतात, वो काटा. संध्याकाळी तारांवर पारवे लटकलेले असतात, एक पंख वर आणि एक नसलेला.

केतकी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. काका-काकूंची एकुलती एक मुलगी. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी पाण्यासारखं, हिंदी घरचं, आणि मराठी असं की ती बोलायला लागली की काकू कपाळाला हात लावत. माझं नेमकं उलटं. मराठी पक्कं आणि इंग्रजी बोलायला जीव गोळा करावा लागे. म्हणून आम्ही एकमेकींच्या मास्तरीण झालो, आणि आमचं पाठ्यपुस्तक होतं एक जपानी कार्टून मालिका.

कार्टून म्हटलं की लोक हसतात. मीही हसले होते. सीडीच्या चकत्या लोकेशनं आणून दिल्या होत्या. लोकेश शेजारच्या घरात भाड्याची खोली घेऊन बँकेच्या परीक्षांचा क्लास करत होता, मूळ जयपूरजवळच्या चौमूं गावचा. तिथे त्याच्या मोठ्या भावाची मंडीत आडत होती. बाजारात मिळणाऱ्या चोरट्या चकत्या, वर शाईनं हिंदीत लिहिलेलं, 'जापानी, पूरी'. बोलणं जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं. रविवारी दुपारी आम्ही माझ्या खोलीतला पडदा ओढायचो, कॉम्प्युटरवरचं फडकं काढायचो, आणि बाहेर कडक ऊन असताना आत बर्फ पडायला लागायचा.

डोंगरातलं एक गाव. तिथे एक तरुण, ज्याच्या घराण्याचं कामच भुतं मारण्याचं. बर्फ पडायला लागला की डोंगरावरून मेलेली माणसं खाली उतरतात, आणि हा तलवार घेऊन त्यांना कापतो. दर भागात कापाकापी. हात तुटतात, मुंडकी घरंगळतात, पांढऱ्या बर्फावर रक्ताची लांब रेघ उमटते आणि त्यावर पुन्हा बर्फ पडतो. अशात त्याला एक मुलगी भेटते. ती फार पूर्वी बर्फात गोठून मेलेली असते, पण हे त्याला माहीत नसतं. तो तिच्या प्रेमात पडतो. प्रत्येक स्पर्शाबरोबर त्याची ऊब तिच्यात जाते. तिचे गाल लाल होत जातात आणि त्याचे केस पांढरे. ती पूर्ण माणूस झाली तर तो मरणार. तो जगला तर तिला मारावं लागणार, आणि मारणं हे त्याचंच काम.

त्या दोघांची नावं आमच्या जिभेवर बसेनात. मी तिला हिमा म्हणायला लागले आणि तो नुसता तलवारवाला. केतकी मला इंग्रजी वाक्य समजावून सांगायची, मी त्याचं मराठी करायची, आणि ते मराठी ती पुन्हा पुन्हा म्हणून बघायची. काकू कधी मटार सोलत दारात येऊन बसत. "सारखं काय कापून राहिले हे? ह्यांच्याकडे भाजी नाही का चिरायला?" असं म्हणत, आणि जाताना हळूच विचारत, त्या हिमीचं लग्न ठरलं काय.

एका भागात हिमा त्याला म्हणते की दुसऱ्या कुणाच्या हातून नको, तुझ्याच हातून मला मरू दे. मी ते मराठीत सांगितलं तेव्हा केतकीच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. लोकेश तिच्या शेजारी जमिनीवर बसला होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण तो पडद्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होता. मी उठून चहा टाकायला गेले. काही गोष्टी माणसाला अक्षरांशिवाय वाचता येतात.

"ताई, हे किती सुंदर आहे, मतलब किती सच्चं," केतकी नंतर म्हणाली. "ती भागत नाही. तिला माहिती आहे तो मारणार, तरी ती त्याच्याकडेच जाते."

मलाही सुंदर वाटलं होतं. आमच्या रिसोडकडे प्रेमासाठी मेलेल्या मुलींच्या गोष्टी होत्या, पण त्या विहिरीच्या असत, आणि त्यांच्याबद्दल बायका आवाज खाली करून बोलत. त्यांना संगीत नव्हतं. इथे वाऱ्यावर बर्फाची फुलं होती, बासरी होती, आणि मरणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू. मला वाटलं, शिकलेल्या जगातलं प्रेम असंच असावं.

आज इतक्या वर्षांनी मी हे लिहीत बसले आहे तर समोरच्या गच्चीवर कुणाचं तरी लाऊडस्पीकर लावणं चाललंय. सणाला अजून दोन दिवस आहेत, पण पोरांना धीर नाही. एक पतंग तुटून आमच्या अंगणातल्या कडुलिंबात अडकला आहे आणि त्याचा दोरा वाऱ्यानं पानांवर घासतोय. जिथे घासतोय तिथली पानं एकेक करून खाली पडताहेत. तो दोरा काढायला हवा. काठीनं काढेन. हातानं नाही.

काकूंना लोकेशचं कळलं ते डिसेंबरात. त्या रागावल्या नाहीत. दोन-चार दिवसांनी काकांशी बोलल्या, मग मला म्हणाल्या, "पोरगा वाईट नाही. पण त्याच्या घरचं माणूस पाह्यल्याशिवाय काय बोलणार?" त्यांना सुचला तो मार्ग सगळ्या मराठी बायांना सुचतो. संक्रांतीचं हळदीकुंकू. बाईनं बाईला घरी बोलावायचं, तिळगूळ द्यायचा, बोलणं सहज निघेल. त्यांनी लोकेशच्या आईला फोन केला, आमच्यात ह्या दिवशी बायका येतात, तुम्हीही या. लोकेशनं घरी प्रेमाबद्दल अक्षर काढलेलं नव्हतं. शेजारचे लोक भले आहेत, एवढंच सांगितलं होतं. पण चौमूंहून जयपूरला येणाऱ्या बसमध्ये लोक असतात, आणि लोकांना तोंडं असतात. भावाच्या कानावर काहीतरी गेलं होतं. आईला घेऊन तो स्वतः आला. भंवरजी. उंच, पांढरा शर्ट, हातात जीपची किल्ली.

केतकीनं त्या दिवशी काकूंची काळी चंद्रकळा नेसली होती. संक्रांतीला आपण काळं नेसतो, थंडीत काळं ऊब धरून ठेवतं. लोकेशच्या आईनं तिला पाहून हळूच विचारलं, बेटी, आजच्या दिवशी काळं का. काकूंनी समजावून सांगितलं. बाईंना पटलं असावं. त्यांनी पदराचं टोक बोटांत धरून कापड पाहिलं आणि अच्छा है म्हणाल्या. ओढणीतून त्यांचे डोळे फार मऊ दिसत होते.

मग काकूंनी त्यांना हळदकुंकू लावलं आणि ओटी भरली. पहिल्यांदा घरी आलेल्या सवाष्णीची आपण भरतो तशी. तांदूळ, खण आणि नारळ. नारळ द्यायला केतकीला पुढे केलं. केतकीनं तो बाईंच्या ओंजळीत ठेवला आणि वाकून पाया पडली.

बाई थबकल्या. नारळाकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं. आम्हाला वाटलं त्यांना ही रीत नवी आहे. आम्हाला त्यांची रीत माहीत नव्हती. मुलीच्या घरून मुलाच्या घरच्यांच्या हाती नारळ येणं म्हणजे तिकडे नातं पक्कं होणं. पुरुषांची बैठक होते, दोन्हीकडचे वडीलधारे बसतात, तेव्हा कुठे तो नारळ हात बदलतो. बाईंना हे ठाऊक होतं. तरी त्यांनी तो परत केला नाही. ओढणीचा पदर त्यावर टाकून त्यांनी तो छातीशी धरला. बाईंनी मराठी घरची रीत म्हणून तो घेतला, की मुलगी आवडली म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांना विचारायची वेळच आली नाही.

भंवरजी दाराशी उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. आईला एवढंच विचारलं, का घेतला. ते जिन्यानं गच्चीवर गेले, जिथे लोकेश पतंग उडवत होता. जिन्यावर पावलं वाजली, पण त्या दिवशी सगळ्या जयपूरच्या जिन्यांवर पावलंच वाजत असतात.

मी पकौड्यांची परात घेऊन वर गेले तेव्हा लोकेश जमिनीवर पडलेला होता. भंवरजी त्याला चरखीनं मारत होते. लाकडी चरखी, जड, दोन्ही हातांत धरून, जसं मोगरीनं कपडे धोपटावेत. तोंडावर, कानावर, हातांनी तोंड झाकलं की हातांवर. कवटीवर लाकूड बसल्याचा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा फार बारीक असतो. चरखीतला गुलाबी दोरा उलगडून दोघांभोवती गुंडाळत चालला होता. शेजारच्या गच्चीवर पोरं नाचत होती. स्पीकरवर गाणं होतं. कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि सगळे एकदम ओरडले, वो काटा. मीही ओरडत होते, पण माझा आवाज त्यात विरून गेला. कुणाला वाटलं असेल मीही पतंगासाठीच ओरडतेय.

मग भंवरजींनी चरखी टाकली आणि दोरा धरला. त्यांना काय करायचं होतं मला माहीत नाही. कदाचित त्यांनाही नव्हतं. भावाच्या गळ्याखालून दोरा गेलेला होता आणि त्यांनी तो ओढला.

केतकी माझ्या मागून धावली. काळी साडी पायांत अडकत होती. तिनं लोकेशच्या गळ्याजवळ दोन्ही हात घातले, तो दोरा मुठीत धरला आणि स्वतःकडे खेचला. दोरा दोन्ही बाजूंनी ताणलेला होता. तो तिच्या मुठींतून सरकला.

रक्त आधी आलं नाही. तळहात उघडे पडले, आत पांढरं दिसलं, आणि मग ते आलं. फरशीवर, लोकेशच्या केसांत, माझ्या परातीतल्या पकौड्यांवर. काळ्या साडीवर ते दिसत नव्हतं, नुसती ओल दिसत होती. त्याला वास होता. मला त्याचंच सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. पडद्यावर आम्ही इतकं रक्त पाहिलं होतं आणि लोखंडासारखा, कच्चा असा हा वास असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

भंवरजी थांबले. धापा टाकत होते. त्यांच्याही बोटांतून रक्त येत होतं. शोकाचे कपडे बघावेत तसं केतकीच्या काळ्या साडीकडे बघून म्हणाले, "मातम के कपड़े पहनकर आई है। अब कर ले मातम।" आणि खाली गेले. त्यांची आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिनं एका मुलाला पडलेलं पाहिलं, दुसऱ्याला जाताना पाहिलं, ओढणी पुढे ओढली आणि जाणाऱ्याच्या मागे गेली.

काकांनी स्कूटर काढली, मग लक्षात आलं की स्कूटरवर काय नेणार. शेजारच्यांच्या गाडीतून दोघांना दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ते पोलीस चौकीवर जाऊन आले. तिथे त्यांना सांगितलं गेलं की सणाच्या दिवशी अशी भांडणं होतात, पतंगाची. काका खुर्चीवर बसून राहिले. माझ्यासारख्या परक्या पोरीचा गळा जपणारा तो माणूस. बाहेर आकाशात दिवे बांधलेले पतंग चढत होते, फटाके फुटत होते, आणि काकू तिळगुळाचा डबा उघडून पुन्हा बंद करत होत्या. "म्या तर ह्यांच्या साहेबाच्या बायकोचीही ओटी नारळानंच भरली होती," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

लोकेशला त्याच्या मामानं चौमूंला नेलं. केतकीच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत पांढरी पट्टी. काकू तिला भरवत. केस मी विंचरायची. एका दुपारी केतकी म्हणाली, ताई, शेवटचा भाग लाव. तो लोकेशनं पाहिला होता, आम्हा दोघींचा बघायचा राहिला होता.

बर्फ पडत होता. तलवारवाल्याचे केस पूर्ण पांढरे झाले होते. सारं गाव मशाली घेऊन मागे उभं. हिमा स्वतः चालत त्याच्यापर्यंत आली, तलवारीचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि आपल्या छातीला लावलं. बासरी सुरू झाली. ती हसली. मी केतकीकडे पाहिलं नाही, मला वाटलं ती रडत असेल.

"हिनं ते हातानं कसं पकडलं?" केतकी म्हणाली. "ताई, असं पकडता येत नाही. आणि ही भागत का नाही? तिला पाय आहेत ना?"

मी मराठी करायचं विसरून गेले. पडद्यावर दोघं एकाच तलवारीवर कोसळले, रक्ताची रेघ उमटली, त्यावर बर्फ पडला, आणि नावं वर सरकायला लागली.

टाके काढायचे त्या दिवशी मी तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. व्हरांड्यात बाकं, बाकांवर संक्रांतीचे उरलेले जखमी. कुणाच्या गळ्याला पट्टी, कुणाच्या नाकाला. गच्चीवरून पडलेला एक म्हातारा आपण कसा पडलो हे सगळ्यांना हसत सांगत होता. मी केतकीला बाटलीनं पाणी पाजत होते, तेव्हा लोकेश आला. एका बाजूचे केस काढलेले, तिथे टाक्यांची ओळ. एक डोळा अजून पुरता उघडत नव्हता. चौमूंहून कुणालाही न सांगता आला होता.

तो तिच्यासमोर खाली बसला. त्यानं हात धरायला हात पुढे केले आणि पट्ट्या पाहून मागे घेतले. त्याचं लग्न ठरवलं होतं, फाल्गुनात. भाऊ म्हणाला होता की नाही म्हणालास तर पुढच्या वेळी केतकीच्या घरी जाईन. तो हे सगळं शांतपणे सांगत होता, आणि ती शांतताच मला भिववत होती. मग तो म्हणाला, "केतकी, चल। जैसे वो दोनों गए थे। साथ में। अगले जनम में कोई भाई नहीं होगा।"

मी मधे बोलणार होते. केतकीनं पट्टी बांधलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती खूप वेळ त्याच्या डोक्यावरच्या टाक्यांकडे बघत राहिली. मला दिसत होतं की तिला त्याच्याबरोबर उठून जावंसं वाटत होतं. ते तिच्या मानेत दिसत होतं, खांद्यांत दिसत होतं.

"मुझे मरना नहीं है, लोकेश," ती म्हणाली. "मुझे तेरे साथ रहना था। उसी घर में, तेरी माँ के पास। तेरे भाई से रोज़ लड़ना पड़ता, मैं लड़ती। तू वो कर सकता है तो अभी बोल। मैं ऐसे ही चलती हूँ, पट्टी में।"

त्यानं मान खाली घातली. परिचारिकेनं तिचं नाव पुकारलं. केतकी उठली, क्षणभर थांबली, त्याला आणखी एक संधी दिल्यासारखी, आणि मग आत गेली.

आम्ही दोघंच बाकाशी राहिलो. थोड्या वेळानं त्यानं मला विचारलं, "दीदी, वो डर गई क्या?"

मी सांगणार होते की नाही, घाबरलेला तू आहेस. पण त्याचा सुजलेला डोळा पाहिला आणि हातातली पाण्याची बाटली त्याच्यापुढे केली. तोही कुणाचा तरी मार खाल्लेला मुलगाच होता.

आतून केतकी ओरडली. टाके कातडीत रुतले असणार. ती मोठ्यानं, लाज सोडून ओरडली, आधी आईला, मग नुसतीच. व्हरांड्यातली माणसं बोलायची थांबली. दुसरी किंकाळी आली तसा लोकेशनं कानांवर हात ठेवला आणि पायऱ्या उतरून गेला. तिसरी आली. तिच्यात दुखणं होतं, राग होता, शिवी होती, आणि मरण कुठेच नव्हतं.

मी बाटलीचं झाकण लावलं आणि तिला धरायला आत गेले.